ऑफिसचा ईपीएबीएक्स: ट्रान्सफर करताना फोन कटतो, संध्याकाळी कुणी उचलत नाही. तुमच्याकडे काय सेटिंग आहे?

सुहासिनी_बॅलार्डपियर

नमस्कार मंडळी. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात मी अ‍ॅडमिन बघते. चार लाईनी, अ‍ॅनालॉग ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाईनी आतल्या फोनना जोडणारं मशीन), चोवीस एक्स्टेन्शनची, म्हणजे आतल्या फोनची, क्षमता. आमच्या ऑपरेटर बाई दिवाळीनंतर निवृत्त झाल्या. कुठल्या पार्टीचा फोन कुणाकडे द्यायचा, कोण जेवायला गेलं की कुणाला वाजवायचं, मशीनचे कोड काय, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. लिहून ठेवलेलं काहीच नाही. आता ऑपरेटरचा बोर्ड रिसेप्शनच्या मुलीकडे आहे आणि ती बिचारी रोज रडकुंडीला येते.

अडचणी अशा. काही टेबलांवरून ट्रान्सफर करायला गेलं की फोन कटतो. अकाउंट्सच्या दोन टेबलांवर वेगळाच प्रकार: ट्रान्सफरसाठीचं फ्लॅशचं बटण दाबलं तरी काहीच होत नाही, समोरचा "हॅलो हॅलो" करत राहतो.

साडेसहानंतर रिसेप्शन रिकामं होतं. डॉक्युमेंटेशनची मुलं वर पोटमाळ्यावर उशिरापर्यंत बसलेली असतात, पण फोन खाली वाजत राहतो. नाईट मोडला (ऑफिस सुटल्यावर फोन कुठे वाजवायचा ती सेटिंग) एका साहेबांचा मोबाईल टाकलाय असं बाई सांगायच्या, तिथेही रिंग जात नाही.

आणि कधीकधी समोरच्याने फोन ठेवला तरी आमची लाईन सुटत नाही. दिवा पेटलेलाच. बाहेरून लावणाऱ्याला एंगेज मिळतो.

साहेब म्हणतात आयव्हीआर, म्हणजे बटणं दाबायला सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज, बसवून टाका. मला ते मनापासून पटत नाही. ज्याचा कंटेनर न्हावाशेव्याला अडकलाय आणि जहाजाची कट-ऑफ (माल पोचवायची शेवटची वेळ) उद्या सकाळी आहे, त्याला "आयातीसाठी एक दाबा" ऐकवू नये. त्याला माणूस भेटला पाहिजे. तुमच्या ऑफिसांत फोनच्या कुठल्या सोयी खरोखर वापरल्या जातात, ते सांगा.

---

लाईनस्टाफ_निवृत्त

सुहासिनीताई, तुम्ही लक्षणं नीट वेगळी करून लिहिलीत म्हणून निदान सोपं झालं.

फ्लॅश दाबला की फोन क्षणभर लाईन तोडतो आणि परत जोडतो. ती तुटण्याची वेळ मशीन मोजतं. ठरलेल्या मर्यादेत असली तर "याला ट्रान्सफर करायचंय" असं समजून आतली डायल टोन देतं. मर्यादेपेक्षा जास्त झाली तर "फोन ठेवला" असं समजून लाईन सोडतं, म्हणून कटतो. कमी पडली तर लक्षच देत नाही, म्हणून तुमच्या अकाउंट्सला काही होत नाही.

आपल्याकडे साधारण ६०० मिलिसेकंदाचा फ्लॅश चालतो. बाजारातले बरेच फोन १००, ३०० आणि ६०० असे तिन्ही देतात. काहींना पोटाखाली सरकवायचा खटका असतो, काहींना मेनूत. कॉर्डलेस असेल तर हँडसेटच्या मेनूत हमखास सापडेल. अकाउंट्सचे दोन्ही फोन उलटे करून बघा, १०० वर असणार.

जिथे कटतो तिथे माणूस काय करतो ते शेजारी उभं राहून बघा. बहुतेक वेळा फ्लॅशचं बटण मेलेलं असतं आणि लोक हुक (रिसीव्हर ठेवायच्या जागेवरचा खटका) बोटाने टपकवतात. बोटाला सहाशे मिलिसेकंद जमत नाहीत, सेकंद-दीड सेकंद दाबलं जातं. मशीनमध्येही फ्लॅशची कमाल वेळ वाढवता येते, पण ती फार वाढवली तर फोन ठेवून लगेच उचलणाऱ्याची लाईन सुटायची नाही. आधी फोन बदला, मग मशीनला हात लावा.

आणखी एक. फोनच्या खाली पी (पल्स) आणि टी (टोन) असा खटका असेल तर तो टी वर हवा. पल्सवर राहिलेल्या फोनवरून स्टार आणि हॅश जातच नाहीत, त्यामुळे कुठलाही स्टारवाला कोड चालणार नाही.

---

चित्रा_दादर

+१. पी आणि टी चा खटका आमच्याकडेही झाडूपोछा करताना सरकतो. वरून सेलोटेप लावून टाकलीय.

---

क्लाऊडवाला_कुर्ला

सगळ्यांचा आदर राखून म्हणतो, या मशीनवर आता पैसे आणि वेळ घालवू नका. क्लाऊड टेलिफोनी, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी फोनची सोय, घ्या. मोबाईलवर अ‍ॅप, एकच बोर्ड नंबर, कॉल रेकॉर्डिंग, कुठला फोन कुणी उचलला नाही त्याचा रिपोर्ट. पोटमाळ्यावरची मुलं घरी गेली तरी फोन घेतील. फ्लॅश, खटका, सेलोटेप काही नको.

---

लाईनस्टाफ_निवृत्त

क्लाऊडवाले, सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण इंटरनेट गेलं, की सगळं गेलं. तांब्याच्या लाईनीला एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट मिळतात, इमारतीत वीज असो नसो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री वीज गेलेल्या इमारतींतही ज्यांच्या तारांच्या जोड्या कोरड्या राहिल्या त्यांच्या साध्या फोनवर टोन होती. लोकांनी घरी निरोप दिले ते त्यावरून.

बऱ्याच मशीनना पॉवर फेल ट्रान्सफर असतं. वीज गेली की एक ठरावीक लाईन थेट एका ठरावीक एक्स्टेन्शनला जोडली जाते, मशीन मधून बाजूला होतं. ते एक्स्टेन्शन कुठल्या टेबलावर आहे हे ऑफिसात सर्वांना ठाऊक हवं.

---

क्लाऊडवाला_कुर्ला

मान्य, पण तांब्याच्या लाईनी राहिल्यात किती? फायबरवर आलेला लँडलाईन हा शेवटी भिंतीवरच्या डब्यातून निघतो आणि त्या डब्याला वीज लागतेच. सुहासिनीताई, तुमच्या चार लाईनी तांब्याच्या की फायबरच्या, ते आधी बघा. फायबरच्या असतील तर ईपीएबीएक्सला यूपीएस देऊन भागणार नाही, त्या डब्यालाही यूपीएसवर घ्या.

---

लाईनस्टाफ_निवृत्त

हे शंभर टक्के बरोबर. फक्त मशीनला यूपीएस असलेली ऑफिसं मी खूप पाहिलीत. वीज गेली की इंटरकॉम चालू आणि बाहेरची लाईन मेलेली.

---

चित्रा_दादर

मी एका दवाखान्याचं रिसेप्शन सांभाळते. तीन डॉक्टर, एक एक्स-रे, एक औषधांची खिडकी. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापर होतो कॉल पिकअपचा. समोरच्या टेबलावर वाजतोय, तिथे कुणी नाही, तर आपल्याच फोनवरून कोड दाबून तो कॉल ओढून घ्यायचा. धावत जायचं नाही. आमच्या मशीनला *४० ने ग्रुपमधला वाजणारा फोन घेता येतो, *४१ आणि एक्स्टेन्शन नंबर दाबला तर ठरावीक टेबलावरचा. तुमच्या मशीनचे कोड वेगळे असतील, पण सोय जुन्या मशीनमध्येही असते. फक्त ग्रुप नीट पाडावे लागतात. आमच्याकडे आधी सगळा दवाखाना एकाच ग्रुपात होता, मग औषधांच्या खिडकीवरचा मुलगा डॉक्टरांचे फोन ओढायचा. आता खोलीप्रमाणे ग्रुप आहेत.

दुसरं म्हणजे डीएनडी. डॉक्टर पेशंट तपासत असताना फोन वाजायला नको. पण डीएनडी लावलेला काढायचा राहून जातो आणि मग दिवसभर "डॉक्टर फोन उचलत नाहीत" अशी तक्रार. आम्ही ठरवलंय की डीएनडी लावणं-काढणं डॉक्टरांनी करायचंच नाही. पेशंट आत सोडताना मी लावते, बाहेर आला की मी काढते.

आयव्हीआरबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे काही महिने होता. सत्तरीच्या आजी फोन कानाला लावून ऐकतात, "दोन दाबा" म्हटल्यावर फोन कानापासून काढून बटण शोधतात, तोवर पुढचं वाक्य होऊन जातं, मग परत पहिल्यापासून. शेवटी त्या रिक्षा करून यायच्या, नुसती वेळ विचारायला. काढून टाकला.

---

पार्लेकर_संजय

मी उलट बाजूने बोलतो. आमची शाखा गृहकर्जाची आहे. रोज येणारे निम्म्याहून जास्त फोन एकाच गोष्टीचे: हप्त्याची तारीख आणि व्याजाचं प्रमाणपत्र. त्यांच्यासाठी माणूस अडकवून ठेवला तर ज्याचं खरंच अडलंय त्याला लाईन मिळत नाही. आयव्हीआर वाईट नसतो, लांबलेला आयव्हीआर वाईट असतो. पहिल्याच पायरीवर "ऑपरेटरसाठी शून्य" सांगा, तीनाच्या वर पर्याय देऊ नका, आणि काहीच दाबलं नाही तर फोन कापू नका, माणसाकडे पाठवा.

शिवाय डायरेक्ट नंबर द्या. आमच्याकडे पीआरआय (डिजिटल लाईन) आहे, एका जोडणीवर एकाच वेळी ३० संभाषणं चालतात आणि प्रत्येक टेबलाला बाहेरून थेट लागणारा स्वतःचा नंबर देता येतो. हल्ली तेच काम सिप ट्रंकवर (इंटरनेटच्या तंत्राने चालणाऱ्या लाईनवर) होतं. जुन्या पार्ट्यांना एकदा थेट नंबर दिला की बोर्डावरचा भार आपोआप कमी होतो.

---

सुहासिनी_बॅलार्डपियर

सगळ्यांचे मनापासून आभार. लाईनस्टाफकाका, अगदी तुम्ही म्हणालात तेच निघालं. अकाउंट्सचे दोन्ही फोन १०० वर होते, ६०० वर केले आणि लगेच ट्रान्सफर झाला. शिपिंगच्या टेबलावर फ्लॅशचं बटण आत जाऊन बसलेलं, सगळे हुक टपकवत होते. तिथे नवा फोन लावला.

लाईनी बघितल्या, दोन तांब्याच्या, दोन फायबरच्या. फायबरचा डबा खरंच साध्या प्लगवर आहे. आज यूपीएसवर घेतला.

संजय, तुमचा मुद्दा समजला. पण आमच्याकडे एकसारखे प्रश्न येतच नाहीत. प्रत्येक शिपमेंटचं दुखणं निराळं असतं.

आता नाईट मोड राहिलाय. आणि लाईन अडकून राहते ते.

---

मंगेश_फोनदुरुस्ती

ताई, मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय, सीएसएमटी ते अंधेरी. नाईट मोडचा मोबाईल लागत नाही त्याचं पहिलं कारण तपासा: शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून कुठल्याही मोबाईलला आधी शून्य लावावं लागतं, मोबाईल मुंबईचा असला तरी. फॉरवर्डला नंबर त्याआधी टाकलेला असेल तर नुसते दहा आकडे असतील. माणूस हाताने लावताना शून्य लावतो, मशीन नाही लावत. तुमच्याकडे लाईन घ्यायलाही शून्य असेल तर काही मशीनमध्ये दोन शून्यं लिहावी लागतात, एक लाईनीसाठी आणि एक मोबाईलसाठी. स्पीड डायलमधले सगळे मोबाईलही त्याच नजरेने बघून घ्या.

पण थांबा, फॉरवर्ड लगेच चालू करू नका. आधी लाईन अडकण्याचं निस्तरा. बाहेरून आलेला फोन बाहेरच्या मोबाईलला पाठवला की मशीनच्या दोन लाईनी एकदम गुंततात. बोलणं संपल्यावर दोन्हीकडे कुणी आपलं माणूस नसतं फोन ठेवायला. मशीनला समजलंच नाही की समोरच्याने ठेवला, तर दोन्ही लाईनी रात्रभर अडकून पडतील आणि एका फोनमध्ये तुमची अर्धी क्षमता संपेल.

समोरच्याने फोन ठेवल्याचं अ‍ॅनालॉग लाईनीवर मशीनला दोन प्रकारे कळतं. टेलिफोन कंपनीने पोलॅरिटी रिव्हर्सल दिलं असेल तर लाईनीचे दोन टोक उलटतात आणि मशीन ते ओळखतं. हे सगळ्यात पक्कं, फायबरच्या डब्यावरही कंपनीकडे ते मागून बघा. नाहीतर मशीन बिझी टोन ऐकून सोडतं. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद गप्प. मशीन बाहेरचं असेल आणि देश बदललेला नसेल तर ते दुसऱ्याच ठेक्याची वाट बघत बसतं. प्रोग्रॅमिंगमध्ये देश भारत आहे का ते बघा, नाहीतर ठेका हाताने टाका.

आणि चारही लाईनींवरचं कॉल वेटिंग बंद करून घ्या. ते चालू असेल तर पहिली लाईन गुंतलेली असतानाही दुसरा फोन तिथेच घुसतो, पुढच्या मोकळ्या लाईनीवर सरकत नाही. फोन करणाऱ्याला रिंग ऐकू येते, तुमच्याकडे काही वाजत नाही. पार्टी म्हणते, तुम्ही उचलत नाही.

---

चित्रा_दादर

कॉल वेटिंगचं हे मला पहिल्यांदाच कळलं. आमच्याकडे ही तक्रार कायम असते. उद्याच अर्ज देते.

---

शेखर_बोर्डवर

मी दृष्टिहीन आहे आणि एका बँकेच्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना या कामाने पहिली कायमची नोकरी दिली. धागा वाचून (म्हणजे फोनने वाचून दाखवल्यावर) दोन शब्द लिहावेसे वाटले.

जुन्या कन्सोलवर प्रत्येक एक्स्टेन्शनला स्वतःचं बटण होतं. माझं बोट पाचच्या बटणावरच्या ठिपक्यावर ठेवलं की बाकीचा बोर्ड मला पाठ. तिसरी ओळ, डावीकडून चौथं, म्हणजे परकीय चलन विभाग. नवे आयपी फोन आले तेव्हा स्क्रीनखाली चार बटणं आली आणि त्यांचा अर्थ दर क्षणी बदलतो. फोन वाजताना तेच बटण "उत्तर द्या" असतं, बोलताना "होल्ड" होतं. मला स्क्रीन दिसत नाही, त्यामुळे बोट कुठे आहे ते कळूनही उपयोग नाही. मग आमच्या आयटीतल्या मुलाने दोन गोष्टी केल्या. बाजूच्या पट्टीवरची बटणं कायमची नेमून दिली आणि मला कोडांची यादी वाचून दाखवली. डीएनडी लावायला *७८, काढायला *७९, ग्रुपचा फोन घ्यायला *८. कोड सगळीकडे तेच राहतात, स्क्रीन काहीही दाखवू दे. नवीन यंत्रणा घेताना साहेब लोक स्क्रीन किती मोठी ते बघतात. कायमची बटणं किती आहेत ते विचारा, एवढी माझी विनंती आहे.

सुहासिनीताई, तुमच्या रिसेप्शनच्या मुलीसाठी सांगतो. फोन नुसता ढकलून देऊ नये. आधी आतल्या माणसाला सांगायचं, कोण आहे आणि कशासाठी, मग जोडायचं. समोरच्याला तीच कहाणी दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही की त्याचा अर्धा राग तिथेच उतरतो. आणि रिकॉल चालू आहे का ते बघा. दिलेला फोन आत कुणी उचलला नाही तर ठरावीक वेळाने तो बोर्डावर परत आला पाहिजे. आमच्याकडे तीस सेकंद आहे. परत आलेल्या फोनची रिंग वेगळी ठेवता येते, म्हणजे आपण आधीच "माफ करा, ते जागेवर नाहीत" असं म्हणून उचलतो. "नमस्कार, अमुक बँक" असं पुन्हा म्हटलं की माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं.

---

पार्लेकर_संजय

शेखर, तुमचा प्रतिसाद आमच्या खरेदी विभागाला पाठवतोय. पुढच्या महिन्यात नवे फोन घ्यायचे आहेत आणि यादीत सगळे टचस्क्रीनचेच आहेत.

---

गिरगावची_नीलम

अवांतर: होल्डवरच्या संगीताबद्दल कुणीच बोललं नाही! आमच्या जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये एकच चिमुकली धून होती. आमचे एक मोठे गिऱ्हाईक इतके वेळा होल्डवर राहिले की शेवटी प्रत्यक्ष भेटीत ते धून गुणगुणतच आत आले. सगळं ऑफिस हसलं, तेही हसले, आणि त्या दिवशी त्यांचं काम पहिलं झालं.

---

मंगेश_फोनदुरुस्ती

नीलमताई :) बाहेरून संगीत द्यायची जागा बऱ्याच मशीनना मागच्या बाजूला असते.

संगीत राहू दे, सुरक्षेचं कुणीच काढलं नाही. बाहेरून फोन करून, पासवर्ड टाकून ऑफिसच्या लाईनीवरून पुढे फोन लावायची सोय असते, डिसा म्हणतात. वापरत नसाल तर बंद करा. वापरत असाल तर कंपनीचा मूळ पासवर्ड ताबडतोब बदला, तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल इंटरनेटवर कुणालाही मिळतं. एका ऑफिसात मी स्वतः बिल पाहिलंय, शनिवार-रविवारी ऑफिस बंद असताना परदेशी नंबरांवर तासन्‌तास बोलणं. हल्ली देशातले फोन बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतात म्हणून एसटीडी लॉककडे लोक दुर्लक्ष करतात, पण आयएसडी लॉक हवाच. ज्या टेबलाला परदेशी बोलायचं नाही तिथे कायमचा, बाकीच्यांना रात्री. पॅन्ट्री आणि लॉबीतल्या फोनला फक्त इंटरकॉम आणि ११२ एवढंच ठेवा.

---

सुहासिनी_बॅलार्डपियर

मंगेशदादा, मशीनमधला देश भारत नव्हताच. आमच्या देखभालीच्या माणसाने बदलला, दोन दिवस झाले, लाईन अडकलेली नाही. साहेबांच्या मोबाईलच्या नंबरातही शून्य नव्हता.

पण आता मला वाटतं, रात्री आधी मोबाईल नकोच. पोटमाळ्यावर माणसं आहेत, तर साडेसहाला नाईट मोड लागला की रिंग डॉक्युमेंटेशनच्या तीन टेबलांवर एकदम जावी. तिथे उचलला नाही तरच मोबाईलवर. हे जुन्या मशीनमध्ये बसेल का?

शेखरदादा, रिकॉल बंदच होता. चालू केला. रिसेप्शनच्या मुलीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने फोनजवळच्या काचेखाली कोडांचा कागद स्वतः लिहून लावलाय, मोठ्या अक्षरात, सर्वात वर "आधी सांगा, मग जोडा".

---

मंगेश_फोनदुरुस्ती

बसेल. तीन एक्स्टेन्शनचा एक ग्रुप करा, रिंग सगळीकडे एकदम ठेवा. एकामागून एक ठेवली तर तिसऱ्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत पार्टी फोन ठेवून देते. नाईट मोडचं ठिकाण म्हणून तो ग्रुप द्या आणि ग्रुपला वीस सेकंदांत उत्तर मिळालं नाही तर पुढचं ठिकाण मोबाईल, शून्यासकट. वेळ मशीनच्या घड्याळावर चालते, वीज जाऊन आल्यावर घड्याळ बरोबर आहे ना ते बघत जा.

मोबाईलवर पार्टीचा नंबर दिसणार नाही, तुमच्याच ऑफिसचा दिसेल. साहेबांना सांगून ठेवा, नाहीतर ते समजतील ऑफिसातूनच फोन आलाय आणि सावकाश उचलतील.

---

पार्लेकर_संजय

म्हणजे आयव्हीआर नाहीच ना शेवटी?

---

सुहासिनी_बॅलार्डपियर

दिवसा नाही. साहेबांशी बोलले. दिवसा माणूसच उचलेल. रात्री नऊनंतर मात्र एक छोटा निरोप ठेवायचा, मराठी आणि हिंदीत, इतकाच: ऑफिस सकाळी साडेनऊला उघडेल, माल बंदरात अडकला असेल तर शून्य दाबा. शून्य दाबला की मोबाईल. तुमचा "ऑपरेटरसाठी शून्य" मी तिथून घेतला.

आवाज कुणाचा द्यावा?

---

चित्रा_दादर

रिसेप्शनच्या मुलीचाच. पार्ट्यांना तो ओळखीचा आहे. सावकाश बोलायला सांगा आणि पंखा बंद करून रेकॉर्ड करा.

---

मंगेश_फोनदुरुस्ती

आणि सगळं करून झाल्यावर प्रोग्रॅमिंगचा बॅकअप काढून ठेवा, शिवाय कुठली लाईन, कुठलं एक्स्टेन्शन, क्रोन बॉक्समध्ये (तारा जोडायच्या डब्यात) कुठल्या जोडीवर, ते कागदावर लिहून बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा. शनिवारी दुपारनंतर लाईनी रिकाम्या असतात, तेव्हा सगळं तपासायला बसा. एक जण खाली, एक पोटमाळ्यावर, आणि तिसऱ्याने रस्त्यावरून मोबाईलने फोन लावायचा.